रक्त थांबल्यावर

घोळणा फुटून नाकातून रक्त आलेला माणूस रक्त थांबलं की उठतो आणि घरी निघतो. आमच्या दवाखान्यात त्याला दारात अडवणारा एकच माणूस होता, मलमपट्टी करणारे ड्रेसर अण्णा. "रगत थांबलंय, जखम भरली न्हाई," असं म्हणून ते त्याला पुन्हा बाकावर बसवत. तिसऱ्या दिवशी दाखवायला यायचं कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नसत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवरच्या नव्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा अण्णा उदगीरकडच्या एका खेड्यातून बदलून आलेले. कपाळाला विभूती, सदऱ्याच्या आत गळ्यात इष्टलिंग, बोलण्यात मधूनच कानडी. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की माणसांची नाकं आतून तडकायची. लोक उताणे पडून कांदा हुंगत. अण्णा त्यांना पुढं वाकवून बसवत, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावत. एरवी शांत असणारा हा माणूस खपली टोकरणाऱ्यावर मात्र चिडे. "खपली काढलास की रगत, अन् रगत आलं की जखम पुन्हा पहिल्यापासनं. भरायची कवा ती?"

नाकात भरलेली गॉजची पट्टी काढताना सगळ्यांनाच घाई असे. अण्णा तिच्यावर तेलाचे थेंब सोडून नुसते थांबून राहत. "आतली कातडी नवी हाय, सिस्टर. कोरडी पट्टी ओढली तर तिच्यासंगंच निघून यील." हे थांबणं मी त्यांच्याकडून शिकले.

टंचाईच्या एका उन्हाळ्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. टँकरवरच्या रेटारेटीत मुलीच्या नाकावर घागर आदळली होती. रक्त आदल्या दिवशीच थांबलेलं. नव्या डॉक्टरांनी वरून पाहिलं, सूज उतरेल म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. मायलेकी दारापर्यंत गेल्या.

"नाकानं श्वास घेता येतंय का, माय?" अण्णांनी मुलीला विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दोन्ही नाकपुड्या बंद होत्या.

अण्णा तिला घेऊन परत आत आले. "साहेब, एकदा बॅटरी धरून बघा. पडद्यात रगत साचलंय."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी पाहिलं. नाकाच्या मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी लाल फुगवटे आले होते. त्यांनी तिथल्या तिथे चीर देऊन साचलेलं काळं रक्त काढलं. बॅटरी अण्णांनी धरली होती.

नंतर नळावर सामान धुताना ते आपणहून बोलले. "बहात्तरच्या दुष्काळात माझ्या लेकीला, गंगूला, असंच लागलं. बारा वर्षांची होती. मीच चिमटीत धरून रगत थांबवलो. थांबलं म्हणून निवांत झालो. नाक बंद झालं तर म्हणलो, सर्दी हाय. दवाखान्यात हगवणीचे पेशंट दारापस्तोर. आठव्या दिवशी पू आला. साचलेल्या रगतानं आतलं मऊ हाड खाऊन टाकलं." त्यांनी स्वतःच्या नाकावर मधोमध बोट टेकवलं. "हितनं बसलं." मग चिमटे पुसून एकेक करून ट्रेमध्ये मांडत राहिले.

गंगूला दोन स्थळं बघायला आली आणि चहा घेऊन गेली. तिसरं आलं नाही. ती शिवणकाम शिकली आणि वडिलांजवळच राहिली.

निवृत्तीनंतर अण्णा उदगीरला गेले. दुसऱ्याच वर्षी ते वारल्याचा निरोप आला. मी पोचले तोवर त्यांना माती देऊन झाली होती. गंगूनं मला मशीनजवळ खुर्ची दिली. बसक्या नाकाची, शांत डोळ्यांची बाई. मी तिला घागर लागलेल्या त्या मुलीची हकीकत सांगितली. तिचं नाक सरळ राहिलं, हेही सांगितलं. अण्णांनी घरी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

"माझ्याशी बोलताना अप्पा भिंतीकडं बघून बोलायचे," गंगू म्हणाली. अण्णांना ती अप्पा म्हणे. "मला राग न्हवता हो. तेवढं सांगायला गेलं की उठून अंगणात जायचे."

"मग?"

"मग मी सांगायचंच सोडून दिले."