सुदामची तिसरी गोष्ट

फोन आला तेव्हा माझा हात रुमालाखाली होता. बैलबाजारात भाव तोंडाने ठरत नाही, रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून ठरतो. म्हणून दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा घेतला तर सुदामचा मेहुणा रडत होता. धारूरचा सुदाम, लग्नाचं शूटिंग करणारा, माझा वर्गमित्र, झोपेतच गेला होता. मी फोन खिशात घातला आणि समोरच्या व्यापाऱ्यावरच ओरडलो. कशावरून, ते आता आठवत नाही...

दीड महिना झाला. लोक म्हणतात, शेवटी तुमचं बोलणं नव्हतं म्हणे. नव्हतं. पण गावात सांगतात ते कारण नाही, म्हणून लिहितो आहे.

सुदामला भुताचा सिनेमा करायचा होता. एका गोष्टीचा नाही, चार गोष्टींचा. एक पडली तरी तीन उभ्या राहतील, असं त्याचं गणित. कॅमेरा लग्नाचा, दिवे लग्नाचे. नट तो शहरातून आणणार होता. मी म्हटलं, "येडा हाय का बे? आपल्या वाडीवरची माणसं भुताला खरीच भेतेत. त्यांना नाटक कावून शिकवायचं?" ऊसतोडीची माणसं मीच जमवून दिली. दोन गोष्टी झाल्या, तिसरी अर्धी झाली, दसरा उलटला, आणि एका सकाळी वाडीवर गेलो तर दारोदार कुलपं. मुकादमाचे ट्रक येऊन गेले होते. टोळ्या कारखान्याला गेल्या होत्या, भूत झालेली बाईसुद्धा कोयता घेऊन गेली होती. जन्म या जिल्ह्यात गेला आणि आम्हा दोघांना हे सुचू नये! मी तिथूनच मुकादमाला फोनवर शिव्या घातल्या. सुदाम मात्र बघत उभा होता. मागे राहिलेली एक म्हातारी शेजाऱ्यांची बंद दारं एकेक करून झाडत होती. त्याने कॅमेरा लावला.

"आता कुणाला धरतोस? कुणीच न्हाई."

"तेच तर, शेठ. जरा गप बस."

सिनेमा पुरा झाल्यावर त्याने मला एकट्याला आपल्या फोटोच्या दुकानात बसवून दाखवला. पहिल्या गोष्टीत किल्ल्यावरचं भूत, तोंडाला पावडर, तीही घामाने ओघळलेली. दुसरीची कल्पना चांगली होती. लग्नाच्या अल्बममधली एक अनोळखी बाई प्रत्येक फोटोत नवरीच्या जरा जवळ सरकते. पण ती कोण, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं. चौथीत भूत दारूबंदीवर भाषण करतं. आणि संगीत असं, की साधं दार उघडलं तरी ढोल. तिसरीत मात्र काहीच होत नव्हतं. म्हातारी झाडते, कुलपाला हात लावते, आत हाक मारते, थांबते, पुढच्या दारी जाते. सात दारं. आवाज फक्त झाडूचा. सातव्या दारी हाक मारल्यावर ती मान हलवते, आतून कुणी बोलल्यासारखं... माझ्या अंगावर काटा आला. माझे आईबाप असेच जायचे. कुलपाबाहेर मी राहायचो.

"सांग शेठ, कसा झालाय?"

आता माझा धंदा समजून घ्या. बैल मनात भरला की आम्ही आधी खोड काढतो. खूर वाकडा, दात झिजलेले. चांगलं बोलायचं ते सौदा झाल्यावर, दावं हातात आल्यावर, चहा पिताना. आयुष्यभर मी हेच केलं. मी पावडरवर बोललो, ढोलावर बोललो, भाषणावर तर आवाज चढवून बोललो. तिसरीचं बोलणं चहासाठी ठेवलं. सुदाम वहीत उतरवून घेत होता. मध्येच वही मिटून उठला. "बास शेठ, कळलं." पाच महिने तो बाजाराकडे फिरकला नाही, मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. माझं अजूनही म्हणणं आहे, माणूस बोलत असताना उठून जायचं नसतं. ती चूक त्याची.

तेरावा झाल्यावर सुदामच्या घरी वहिनींकडे गेलो, म्हटलं सिनेमा पुन्हा बघू द्या. पावडर गेली होती, त्या जागी नुसती सावली. ढोल गेला होता, भाषण गेलं होतं. अल्बममधली बाई शेवटपर्यंत अनोळखी राहिली होती. मी मनात खूश होत होतो. दुसरीनंतर एकदम चौथी सुरू झाली.

"तिसरी कुठं हाय, वहिनी?"

"काढली त्यांनी."

"काढली? कुणी सांगितलं व्हतं काढायला?" मी घर डोक्यावर घेतलं.

वहिनी आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. पानभर माझ्याच शब्दांत मी काढलेल्या खोडी, प्रत्येकीपुढे झाल्याची खूण. तिसऱ्या गोष्टीपुढे लिहिलं होतं, "शेठ हिच्यावर बोललासुद्धा नाही. काढणे."

"मूळचं शूटिंग असंल की कुठं तरी..."

"न्हाई, भावजी. डिस्क एकच व्हती. पुढच्या लग्नाला जागा लागत व्हती."

वही आता माझ्याकडे आहे. त्या ओळीखाली थोडी जागा कोरी आहे. रोज सकाळी बाजाराला निघण्याआधी तिथे लिहायला बसतो. खोड मला चालता चालता सुचते, चांगलं लिहायला घेतलं की पेन अडतं. 'सातवं दार', एवढंच लिहून झालंय.