बाप नावाचा टाइप
तापलेल्या पत्र्याचा वास आला की लातूरचा तो पत्र्याच्या शेडमधला कॉम्प्युटर क्लास आठवतो. एक्सएमएल स्कीमा, म्हणजे माहितीचे साचे कसे बांधायचे ते, शिकवताना सरांनी फळ्यावर ‘बाप’ नावाचा टाइप, म्हणजे एक साचा, लिहिला आणि त्याला घर, आडनाव, रक्तगट असे ॲट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, दिले. ‘बापापासून केलेल्या लेकराच्या टाइपला हे समदं आपोआप मिळतं,’ म्हणाले, आणि भूकंपात घरातले सगळे गेलेल्या मुलीला त्यांनी उभं केलं. ‘सांग, तुला काय मिळालं?’ वर्ग हसला, मीही हसलो. तिनं खडू घेऊन फळ्यावरच्या ‘घर’ या शब्दापुढं ‘प्रोहिबिटेड’ लिहिलं. ‘लेकराच्या टाइपात एखादा ॲट्रिब्यूट बंद करता येतोय, सर. बाकीचे दोन मिळाले.’ ‘बरोबर हाय,’ म्हणत सरांनी फळा पुसला. आता मीच शिकवतो. उदाहरण तेच देतो, पोरांना लवकर कळतं. फक्त भूकंपातली मुलं आता वर्गात नसतात, म्हणून बाप नसलेलं कोण आहे ते आधीच विचारून ठेवतो.