इथे कलर मोठा असतो

रविवारी दुपारी रोह्याजवळ अष्टमी गावात तेजसच्या घरी पोकर शिकायला गेलो होतो. आज बुधवार... डोकं अजून ठिकाणावर नाही.

तेजस माझा कॉलेजचा मित्र. म्हणजे तो कॉलेजात राहिला. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि आता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्याचे बाबा, आमचे काका, बरीच वर्षं क्रूझच्या किचनमध्ये होते. पोकर ते तिथेच शिकले.

पण खरं सांगू? मी पेणहून बाईक हाणत पोकरसाठी गेलोच नव्हतो. तेजसची आतेबहीण येणार होती. ती आमच्याच कॉलेजातली, रोह्यालाच राहते, धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये आहे. तिला मी आजवर तीनदा विचारलंय... आणि तीनदा नाही ऐकलंय. चौथ्यांदा विचारायचा मेसेज सकाळीच टाईप करून ठेवला होता.

पैसे लावायचे नाहीत, हे काकांनी आधीच बजावलं. काकूंनी बिरड्यासाठी कडवे वाल काढले होते, त्यातलेच मूठ मूठ प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवले. रात्री भिजत घालायचेत, एकही हरवू नका, असा दम देऊन काकू आत गेल्या.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं, ती आपली आपण बघायची. मग मध्ये पाच पानं उघडतात... आधी तीन, मग एक, मग शेवटचं. ती सगळ्यांची. या सातातली चांगली पाच धरायची, आणि प्रत्येक वेळी एकतर लावायचं, नाहीतर पॅक.

मी म्हटलं, काका, ही तर आपली तीन पत्तीच की. गणपतीत दरवर्षी खेळतो आम्ही.

"दिसायला तशीच हाय, पेणकर," काका म्हणाले. "तिथंच माणूस फसतो."

कुठला डाव कशापेक्षा मोठा, ते त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून मध्ये ठेवलं. मी त्यावर चहाचा कप ठेवला. वाचलं नाही... समोर ती केस बांधत बसली होती.

तिला म्हटलं, आज मी जिंकलो तर माझ्याबरोबर वडखळला मिसळ खायला यायचं. तेजस हसला. ती नाही हसली.

"वाल लाव, ओंकार. मला डावात लावू नको."

मला वाटलं, लाजली.

पहिले दोन-तीन डाव असेच गेले. मग माझ्या हातात आली नव्वी आणि दश्शी. मध्ये उघडली बदाम सत्ती, किल्वर अठ्ठी, बदाम राणी... आणि चौथं पान चौकट छक्की! सहा, सात, आठ, नऊ, दहा. सरळ सिक्वेन्स. छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलत असणार. "याचे कान बघा, लाल सिग्नल लागलाय," म्हणत तेजसने पानं टाकून दिली.

शेवटचं पान बदाम दुर्री. फालतू पान, मी मनात म्हटलं.

तिने शांतपणे मूठभर वाल पुढे सरकवले. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पॅक कर. माझ्याकडे खरंच मोठं आहे."

आता मला सांगा, पत्त्यात असं कोण सांगतं? ज्याच्याकडे काहीच नाही तोच ना? मी हसलो. माझ्याकडचे होते नव्हते तेवढे वाल दोन्ही हातांनी मध्ये ढकलले. तिनेही ढकलले.

मी सिक्वेन्स उघडली आणि ढिगाकडे हात नेला. काकांनी मनगट धरलं. तिने पानं उलटी केली... बदाम एक्का, बदाम चौकी. मध्ये तीन बदाम होतेच. झाले पाच.

"कलर," काका म्हणाले. "इथं कलर मोठा, बाला. सिक्वेन्स खाली."

कलर मोठा? लहानपणापासून सिक्वेन्सच्या खाली कलर बघितलाय मी! माझं टाळकं सटकलं. हात असा आपटला की अर्धे वाल दिवाणाखाली. कॅलेंडरचा कागद ओढून बघितला... कपाच्या ओल्या गोलाच्या बरोबर मध्ये लिहिलं होतं. कलर वर, सिक्वेन्स खाली.

मग राग तिच्यावर निघाला. आधी सांगायचंस तरी, असं ओरडलो मी.

ती खाली बसून वाल वेचायला लागली होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं की. मी तुला कधी खोटं सांगितलंय, ओंकार?"

कुणीतरी कानाखाली वाजवावी तसा मी बसून राहिलो.

कधीच नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये 'नाही' म्हणाली होती, ते खरं होतं. कुंडलिका नदीच्या पुलावर 'आपण मित्रच बरे' म्हणाली, तेही खरं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं, आणि घरी सांगितलं सरांशी भांडण झालं. तिसऱ्यांदा फोनवर म्हणाली, 'कृपा करून परत विचारू नकोस.' दोन वर्षं ती पानं उघडी ठेवून बसलेली... आणि मी समजत होतो, ब्लफ करतेय.

दिवाणाखाली शिरून मी सगळे वाल काढले. सॉरी म्हटलं, काकूंनाही म्हटलं. परत येताना वडखळला थांबलो, तो चौथा मेसेज उघडला आणि पुसून टाकला.

काका, शिकवल्याबद्दल थँक्यू.

आणि तिला कालच विचारलं, हे सगळं लिहून टाकू का. म्हणाली, "टाक. पण माझं नाव नको."

म्हणून नाव नाही.