गोवा पूर्वेला

"गोवा कुठल्या बाजूला गं?" हेडसरांनी विचारलं.

सुजातानं नकाशावर बोटं फिरवली. खानापूर सापडलं. तिथून बोट उजवीकडं सरकलं. "पूर्वेला, सर."

हेडसरांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या वडिलांकडं. "बघा आप्पा, मी काय म्हणत होतो? आठवीला हिला बेळगावच्या अंधशाळेच्या हॉस्टेललाच घाला."

सुजाताला गाव सोडायचं नव्हतं. त्या दिवशी तेच ठरणार होतं. आणि मीच छाती फुगवून म्हणालो होतो, "सर, काहीही विचारा. नकाशासुद्धा वाचते."

मी फिरता विशेष शिक्षक. ज्यांना दिसत नाही त्या मुलांना त्यांच्याच गावच्या शाळेत शिकता यावं, यासाठी खानापूर तालुक्यात मोटरसायकल पिटाळणं हे माझं काम. हा नकाशा मी रविवारभर बसून केला होता. जाड कागदावर मागून टोचायचं, पुढं ठिपके उठतात, त्यावर बोटं फिरवायची. बायकोला दाखवून शाबासकीही घेतली होती.

"नीट बघ," मी दटावलं.

तिनं पुन्हा बोटं फिरवली. "कागदावर पूर्वेलाच हाय, सर. पण..."

"पण काय?"

"मावशीकडं गोव्याला जाताना सकाळचं ऊन पाठीवर लागतंय. येताना संध्याकाळचं, ते पण पाठीवरच. मग गोवा पश्चिमेला पायजे न्हवं?"

मी कागद पालथा घातला. मागून कर्नाटक अगदी सरळ होतं. मागून टोचायचं म्हणजे आधी आकृती उलटी काढावी लागते, आरशात दिसते तशी. ब्रेल अक्षरं मी सवयीनं उलटी टोचली होती, म्हणून ती बरोबर उठली. राज्य मात्र सरळ काढून बसलो होतो. मला दिसत होता तो नकाशा बरोबर, तिच्या बोटांना लागत होता तो उलटा. अख्खा अरबी समुद्र मी आंध्राच्या अंगावर घातला होता.

"सर, चूक माझी," मी म्हणालो.

हेडसरांनी कागद खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग सुजाताला विचारलं, "तुला ठाऊक होतं, तर आधी पूर्वेला का म्हणालीस?"

"सरांनी केलाय न्हवं नकाशा. म्हटलं, माझंच चुकत असंल."

हेडसरांनी कागद माझ्या हातात परत दिला.

मग ते म्हणाले, "आप्पा, पोरगी इथंच राहू दे. हॉस्टेलला घालायचंच झालं तर ह्या सरांना घालू."

आप्पा पहिल्यांदाच हसले. "व्हय व्हय, चालतंय."

सुजाता आता नववीला आहे, तिथंच. नवा नकाशा केला की मी आधी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवतो. माझी बोटं अजून बोथटच आहेत, म्हणून मग तिच्याकडं नेतो आणि बजावतो, "मी केलाय हे विसर."

तरीही ती दोनदा तपासते. तिचा माझ्यावरचा विश्वास आता बेताचाच आहे. कामाला तेवढा पुरतो.