कीबोर्डातलं कुंकू

आमच्या शाळेच्या संगणक लॅबला मी मनातल्या मनात देवघर म्हणते, आणि ते कौतुकानं म्हणत नाही. दारात चपला काढायच्या. आत हळू बोलायचं. कशालाही हात लावायचा नाही. प्रत्येक कॉम्प्युटरवर निळं, झालरीचं कव्हर. ते काढायचा मान फक्त मुख्याध्यापकांचा, आणि सर ते काढतात दसऱ्याला.

दसऱ्याला काय चालतं ते सांगते, म्हणजे मला किळस का येते ते कळेल. मॉनिटरला झेंडूची माळ, इथपर्यंत ठीक. मग नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. कीबोर्डवर हळद, कुंकू आणि ओल्या अक्षता. मग मुलांनी पेढे खाल्लेल्या चिकट हातांनी कव्हर परत चढवायचं, झालर सरळ करायची, की झालं वर्षभराचं संगणक शिक्षण. पूजेला माझी ना नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतले कारखाने शाळेपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत, तिथेही मशीनला हार घालतात. पण सुट्टी संपली की तीच मशीन चालू करतात. आमच्याकडे मुंग्या येतात.

मी बारावी कॉमर्सला बुककीपिंग शिकवते, आणि त्यातलाच संगणकावर हिशेब ठेवण्याचा भाग. बिल कसं बनवायचं, आलेला माल कसा नोंदवायचा, हे सगळं पडद्यावर दाखवायचं. पडदा कव्हराखाली. यावर शाळेनं फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय. मुलांनी जर्नलमध्ये पडद्याचं चित्र काढायचं. पट्टीनं चौकट, उजव्या कोपऱ्यात फुली, खाली लाल पेनानं ‘येथे क्लिक केले’. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. माझ्या शेजारी बसणारे एक सर तर समास नीट आखला नाही म्हणून जर्नल परत करायचे. कॉम्प्युटर चालू तरी झाला का, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. वडील अंबडला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. वर्कशॉपच्या मालकांनी त्यांना शब्द दिला होता, पोरगी बारावी झाली आणि तिला कॉम्प्युटरवर बिलं करता आली, तर ऑफिसात घेतो. नाही आली, तर काय, हेही घरात ठरलेलं होतं. आत्यानं स्थळ आणून ठेवलं होतं. हे सगळं तिनं मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि मग हळूच विचारलं, “मॅडम, मला रोज थोडा वेळ लॅबमध्ये बसू द्याल का?”

मी म्हटलं, “एखादा क्लास लाव ना.”

“बाबा म्हणतात, शाळेत शिकवतात ना, मग क्लास कशाला?”

नाशिक रोडला माझ्या घरी ये म्हटलं, तर घरचे तिला तेवढ्या लांब एकटीला सोडत नव्हते.

मी मुख्याध्यापक सरांकडे गेले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेले. सर दर वेळी तितक्याच प्रेमानं म्हणाले, “अहो मॅडम, एकदा कव्हर काढलं की धूळ बसते. मुलं बटणं बडवतात. तपासणीला कोण आलं तर लॅब नवी दिसली पाहिजे की नको?” मी म्हटलं, सर, वापरायला आणलीय ना ती. ते हसले. शाळेत नवीन आलेल्या मुलाकडे बघून हसतात ना, तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण लॅबची किल्ली त्यांच्या खिशात होती.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र लॅब उघडली. दारात रांगोळी. परीक्षक दुसऱ्या शाळेतले, आणि त्यांची आवड आमच्या सरांना पाठ. मिसळ, तर्री जास्त, पापड दोन. हे सगळं लॅबमध्येच, परीक्षकांच्या टेबलावर. ज्या लॅबमध्ये मुलांना पाण्याची बाटली आणता येत नाही, तिथे रस्सा. मुलं रांगेत उभी. परीक्षक एका हातानं पाव बुडवायचे आणि त्याच हातानं जर्नलचं पान उलटायचे. प्रत्येक पानावर त्यांच्या अंगठ्याचा तांबडा, तेलकट ठसा. कॉम्प्युटर कव्हरातच. वीसपैकी वीस. पुढचा. वीसपैकी वीस.

तिचं जर्नल बघून ते थांबले. तिनं नुसता पडदा नाही, अख्खा कीबोर्ड काढला होता, एकेक बटण जागच्या जागी. “वा, चित्रकला चांगली आहे,” ते म्हणाले.

ती म्हणाली, “सर, कॉम्प्युटरवर करून दाखवू?”

ते चावता चावता थांबले. “कशाला? पूर्ण मार्क दिलेत ना?”

आमच्या सरांनी तिच्याकडे असं बघितलं, की तिनं जर्नल उचललं आणि ती बाजूला झाली. कीबोर्डाच्या चित्रावर तर्रीचा थेंब पडला होता. मी तिथेच उभी होते.

निकाल लागल्यावर शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागला. ‘संगणक लेखांकनात घवघवीत यश’, आणि मधोमध तिचा फोटो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण गेटवरून जाणाऱ्याला हात कुठे दिसतात? प्रवेशाचे दिवस होते, सरांना तेवढंच हवं होतं.

फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात ती वडिलांना घेऊन शाळेत आली. वडिलांनी मार्कशीट माझ्यासमोर ठेवली. “मॅडम, खरं सांगा, ही खोटी हाय का?”

मी विचारलं, झालं काय? मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं होतं. खुर्चीवर बसवलं, एक बिल बनव म्हणाले. तिला ते बनवायची जागाच सापडेना. चित्रात ती जागा नेहमी समोरच असायची. वर्कशॉपचे लोक दारातून बघत होते. शेवटी मालक तिच्या वडिलांना म्हणाले, वीसपैकी वीस? मार्कशीट कुठून आणली?

“लय मोठ्या तोंडानं सांगितलं व्हतं मी शेटला,” वडील म्हणाले.

मी म्हटलं, “मार्कशीट खरी आहे.”

त्यांचा चेहरा क्षणभर मोकळा झाला, आणि लगेच ते मुलीवर उलटले. “मग तिथं बसून रडायला काय झालं व्हतं तुला?”

आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. सर गावाला गेले होते आणि किल्ली शाळेच्या ऑफिसात होती. मी लॅब उघडली, चपला घालूनच आत गेले आणि पहिल्या कॉम्प्युटरचं कव्हर ओढून काढलं. कीबोर्ड उचलून टेबलावर उपडा आपटला. वाळक्या अक्षता पडल्या, कुंकवाचे खपले पडले, मेलेल्या मुंग्या पडल्या.

“मार्कशीट खरी आहे, मार्क खोटे आहेत,” मी म्हटलं. “तुमच्या मुलीला या शाळेनं यावर कधी बसूच दिलं नाही. तिनं मागितलं होतं, सगळ्यांसमोर मागितलं होतं. तिची चूक नाही. महिनाभर माझ्याकडे पाठवा, मी शिकवते.”

ते टेबलाकडे बघत राहिले. “शेटनं दुसरी पोरगी ठेवली, मॅडम.”

ती पहिल्यांदाच बोलली, खाली बघत. “मॅडम, गेटवरचा माझा फोटो काढायला सांगा ना.”

“नको,” वडील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “राहू द्या. रविवारी पाव्हणे येनार हायेत, ह्याच रस्त्यानं. तेवढा तरी कामाला येऊ द्या.”

तिनं वडिलांकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. टेबलावरच्या अक्षता तळहाताच्या कडेनं गोळा केल्या, कीबोर्ड सुलटा करून जागेवर ठेवला. मग माझ्या हातातलं कव्हर घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं आणि झालर सरळ केली, आम्ही शिकवलं होतं तशी.