गाठीवरचं बोट

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं, कारण यात माझीच लाज आहे.

पुरानी बस्तीत देवळाजवळ एक बाई कमळाचे कंद विकायची. इकडे त्याला ढेंस म्हणतात. एखादा कंद आडवा कापून ती मला आतली भोकं दाखवायची. "देखो गुरुजी, चिखला में रहता है, तो भगवान ने साँस की नली दे दी. कितना सोचा होगा!" मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण त्या भोकांकडे इतक्या नवलानं कधी पाहिलं नव्हतं.

तिच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. जुडी बांधताना ते इवलंसं सहावं बोट दोरीवर टेकायचं आणि गाठ घट्ट बसायची. मी ते पाहायलाच थांबायचो.

एकदा गिऱ्हाइकांसमोर मला शहाणपण सुचलं. "सब सोच के बनाया, तो ये छठी उँगली किस काम की? गिनती भूल गया क्या तेरा भगवान?"

सगळे हसले. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी त्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि जुड्या सैल सुटत होत्या. पुढे ती यायचीच थांबली. मी अभनपूरच्या बाजारातही शोधलं.

बायको म्हणाली, "आता काहून शोधून राहिले? काय सांगान तिले?"

एवढंच सांगणार होतो: बाई, त्या बोटाचं काम मला माहीत होतं. मी रोज पाहत होतो. माफ कर.