अंधाराचा तास

बाबा गेले तो मंगळवार होता. दुपारी दोन ते तीन या वेळात आईने अलिबागच्या दवाखान्यातून तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही.

मी मुंबईत, प्रयोगशाळेत होते. माझं काम उजेडावर चालणाऱ्या उत्प्रेरकांचं. बाटलीतल्या द्रावणावर निळा प्रकाश पडला की उत्प्रेरक जागा होतो आणि रासायनिक क्रिया सुरू होते. प्रकाश काढला की थांबते. हे दाखवायचं तर एक तास उजेड, एक तास अंधार, असं दिवसभर करत राहायचं आणि दर तासाला थेंबभर नमुना काढायचा.

बाबांची नोकरी गावाशेजारच्या खत कारखान्यात झाली. त्यांचा उत्प्रेरक भट्टीच्या आचेवर चालायचा.

"आमचा प्लांट एकदा बंद पडला की परत तापवायला दिवस जायचे," ते म्हणायचे. "आणि तू बटण दाबतेस की चालू! हे गणपतीचं मखरच झालं की गं."

मग त्यांनी खरंच मखराची निळ्या दिव्यांची पट्टी काढली आणि आईच्या पातेल्यात आतून गोल चिकटवून दिली. मधोमध बाटली नीट बसली.

"माझं दुधाचं पातेलं!" आई ओरडली.

"दूधच तापवायचंय तिला. जरा वेगळं."

त्या पातेल्यात प्रयोग इतका चांगला चालला की मी दुसरा दिवा मागवलाच नाही. एकदा येऊन बघायचंय, असं ते म्हणत. दिवाळीनंतर या, असं मी म्हणत राहिले.

अंधाराच्या तासात मी बाटलीला फॉइल गुंडाळायचे, खोलीतले दिवे घालवायचे आणि फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचे. स्क्रीनचा उजेडही उजेडच. त्या मंगळवारीही तशीच बसून राहिले. त्या तासात करण्यासारखं काही नसतं.

तीन वाजता नमुना काढला, मग कपाट उघडलं. मी फोन लावला तोवर ते गेले होते.

दिवसकार्य झाल्यावर आईने सांगितलं, "दोनदा तू उचलला नाहीस तेव्हा चिडले. तिसऱ्यांदा म्हणाले, राहू दे, अंधाराचा तास असेल तिचा."

फॉइल पुरेसं होतं. फोन शेजारी ठेवला असता तरी बाटलीला काही झालं नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. नुसती सवय होती. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

भाद्रपद जवळ आला तेव्हा मी विचारलं, पट्टी घेऊन येऊ का.

"यंदा आरास नाही," आई म्हणाली. "राहू दे तिकडेच."

त्या दिवसाचा आलेख माझ्या प्रबंधात आहे. दोन ते तीनमध्ये रेष सपाट आहे, असायला हवी तशी. पातेलं प्रयोगशाळेत आहे. पट्टीतले तीन दिवे गेलेत, बाकीचे लागतात.